डेटा एन्ट्रीचं टायपिंग: स्पीड, अ‍ॅक्युरसी आणि इंदूरात सगळे विचारतात ते प्रश्न

देवास नाक्याकडे एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात मी बिल्ट्यांच्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्यांच्या, एन्ट्र्या तपासायचं काम बघते. सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग, कुठूनही कोणाचा ना कोणाचा मेसेज असतोच की ताई, मुलाला डेटा एन्ट्रीला लावायचंय, स्पीड किती लागते. प्रत्येकाला तीच व्हॉइस नोट पाठवायचा कंटाळा आला म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. क्रम असा काही नाही, जसं आठवलं तसं.

एक आकडा सांगा ना, स्पीड किती पाहिजे?

प्रायव्हेट ऑफिसात इंग्रजीत मिनिटाला नेट, म्हणजे चुका वजा करून, ३०-३५ शब्द आणि नंबरपॅड न बघता चालवता आला की काम अडत नाही, असं माझं मत. सरकारी परीक्षांचे आकडे ठरलेले असतात, ते पुढे सांगते. ५०-६० असेल तर उत्तमच, पण खरं सांगू का, मला स्पीड विचारणारे ढीगभर भेटतात आणि अ‍ॅक्युरसी विचारणारा एखादाच, आणि ऑफिसात बॉम्ब फुटतो तो नेहमी दुसऱ्या गोष्टीवरून.

डब्ल्यूपीएम म्हणजे एका मिनिटात किती शब्द, बरोबर?

हो, पण इथला शब्द म्हणजे खरा शब्द नाही. पाच वेळा बटण दाबलं की एक शब्द धरतात, स्पेस धरून. त्यामुळे तुम्ही ‘इन’ लिहा की ‘ट्रान्सपोर्टेशन’ लिहा, हिशेब बटणांचाच होतो. जितकं दाबलं त्याला पाचाने भागलं, मिनिटांनी भागलं, ती झाली ग्रॉस स्पीड. त्यातून मिनिटामागे जेवढ्या चुका तेवढ्या वजा केल्या की नेट. म्हणजे १० मिनिटांत २००० बटणं दाबली तर ४०० शब्द, ग्रॉस ४०. चुका निघाल्या ६०, तर मिनिटाला ६ वजा, नेट ३४. फॉर्मवर, बायोडाट्यात, इंटरव्ह्यूत नेट सांगा, ग्रॉस सांगून फुशारकी मारलीत तर तिथल्या तिथे टेस्ट घेतात आणि पचका होतो.

जाहिरातीत ८००० की डिप्रेशन लिहिलंय, हे काय आता?

तासाला इतकी बटणं, बस. ३०० ने भागलं की डब्ल्यूपीएम निघते, कारण तासात ६० मिनिटं आणि शब्दात ५ बटणं. ८००० म्हणजे साधारण २७, १०,५०० म्हणजे ३५, १५,००० म्हणजे ५०. आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरून फॉर्मच न भरणारे लोक मी बघितलेत, म्हणून सांगितलं.

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीएचएसएलमध्ये, म्हणजे बारावी पास मुलांच्या परीक्षेत, डेटा एन्ट्री ऑपरेटरला हेच ८००० लागतात, काही ऑफिसांच्या पोस्टला १५,०००. क्लार्कसाठी इंग्रजीत ३५ नाहीतर हिंदीत ३०, टेस्ट १० मिनिटांची. तिथे चुकांचेही दोन प्रकार आहेत, शब्द गाळला, जास्तीचा घातला किंवा स्पेलिंग चुकलं तर पूर्ण चूक, आणि स्पेस राहिली, कॅपिटल चुकलं असल्या बारीकसारीक गोष्टींना अर्धी. म्हणून घाईत एखादी अख्खी ओळ उडाली तर ती सगळ्यात महाग पडते, त्यातले सगळे शब्द पूर्ण चुकांत जातात.

सीपीसीटी द्यायलाच पाहिजे का?

मध्य प्रदेश शासनाच्या नोकरीत डेटा एन्ट्री ऑपरेटर, सहायक ग्रेड ३ असल्या पोस्टसाठी हो, त्याशिवाय दारातही उभं करत नाहीत. ही राज्य सरकारचीच कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा. ७५ मिनिटांत ७५ प्रश्न कॉम्प्युटर, गणित, रीझनिंग वगैरेचे, मग १५ मिनिटं इंग्रजी टायपिंग आणि १५ मिनिटं हिंदी टायपिंग. पास व्हायला प्रश्नांत ५० टक्के, इंग्रजी नेट ३०, हिंदी नेट २०. तिन्हीचा निकाल वेगवेगळा असतो आणि जाहिरातीत कधी हिंदी टायपिंग मागतात तर कधी दोन्ही, म्हणून स्कोअरकार्डवर तिन्ही ठिकाणी पास दिसणं सगळ्यात सोयीचं.

आपल्या घरांत एक गंमत होते. मुलांची शाळा इंग्रजी, घरी मराठी, मित्रांत हिंदी, त्यामुळे हिंदी बोलायला फाडफाड पण हिंदी टायपिंगला हात लावलेला नसतो, आणि २० च तर पाहिजेत म्हणून ते शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलतात. माझ्या बघण्यात अडकणारे बहुतेक हिंदीतच अडकतात, इंग्रजीत नाही. हिंदीला आधी बसा.

यानंतर महाराष्ट्रातही अर्ज करता येईल का?

प्रायव्हेटला कुठेही. तिकडच्या सरकारी लिपिक-टंकलेखक पोस्टला मात्र मराठी ३० किंवा इंग्रजी ४० चं सर्टिफिकेट मागतात, ते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेचं, जीसीसी-टीबीसी म्हणतात ती. पुण्याला मावशीकडे राहून पोरगं प्रयत्न करणार असेल तर जाहिरातीत ज्या सर्टिफिकेटचं नाव लिहिलंय तेच काढा, इथलं स्कोअरकार्ड घेऊन तिथे वाद घालत बसू नका.

हिंदी-मराठीसाठी कीबोर्डची मांडणी रेमिंग्टन शिकू की इनस्क्रिप्ट?

नवीन शिकणारे असाल तर इनस्क्रिप्ट. यावर माझं कोणाशीच पटत नाही पण मी ठाम आहे. कारण त्याला डोकं आहे, डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या आणि उजव्या हाताला मुळाक्षरं, शिफ्ट दाबलं की क चा ख, त चा थ, प चा फ. जोडाक्षर करायचं तर मधे हलन्त, जो डी च्या बटणावर आहे. आणि आपल्यासाठी मोठी सोय म्हणजे ळ तिथेच बसलेला आहे, ल च्या बटणावर शिफ्ट, म्हणजे एन चं बटण. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’तला तो पोटातला र पण आहे, शिफ्ट जे दाबा, मग हलन्त, मग य. हिंदी क्लासवाले हे शिकवत नाहीत कारण त्यांना लागत नाही.

रेमिंग्टन ही जुन्या टाइपरायटरची मांडणी. ज्यांचा हात त्यावर बसलाय त्यांनी बदलायची काही गरज नाही, सीपीसीटीत रेमिंग्टन गेल (त्याचाच एक प्रकार) पण मिळतो. फक्त दोन्ही एकदम शिकायला जाऊ नका. रेमिंग्टनमध्ये डी दाबलं की क येतो, इनस्क्रिप्टमध्ये डी म्हणजे हलन्त, आणि पहिली वेलांटी रेमिंग्टनमध्ये अक्षराच्या आधी मारायची असते, इनस्क्रिप्टमध्ये नंतर. बोटांचा पार गोंधळ उडतो आणि मग दोन्हीकडे १५ वर अडकून बसता.

इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायचं ते फोनेटिक घरच्या व्हॉट्सअ‍ॅपला ठीक. परीक्षेत तो ऑप्शन मिळेल या भरवशावर राहू नका, आणि कामातही स्पीड एका जागी थांबते कारण एका अक्षराला दोन-तीन बटणं जातात आणि वर सजेशनमधून शब्द निवडत बसावं लागतं.

कृती देव येतं मला, ते चालेल?

हात चालेल, फाइल चालेलच असं नाही. कृती देवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वरून फॉन्टचा मुखवटा हिंदीचा. ज्या मशीनमध्ये तो फॉन्ट नाही तिथे फाइल उघडली की ‘का’च्या जागी डी-के दिसतं आणि समोरचा म्हणतो हे काय पाठवलंय. सर्च होत नाही, सॉर्ट होत नाही. डेटा म्हणून जे काही साठवायचं ते युनिकोडमध्येच, मंगल वगैरे फॉन्टमध्ये. जुन्या फाइली असतील तर कन्व्हर्टर मिळतात, पण कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालाच.

ऑनलाइन टेस्टमध्ये ६० येते आणि ऑफिसात ३० पण नाही, असं का?

सगळ्यांचंच होतं. मंकीटाइपसारख्या साइटवर सुरुवातीला जी टेस्ट येते तिच्यात छोटे छोटे ओळखीचे शब्द असतात, कॅपिटल नाही, कॉमा नाही, आकडे नाहीत, आणि वाचायचं ते समोर स्क्रीनवरच. ऑफिसात काय असतं? बिल्टीची तिसरी कॉपी, कार्बन फिका पडलेला, हमालाच्या हाताचा घाम लागून कोपरा चुरगळलेला, पार्टीचं नाव हिंदीत लिहिलेलं ते तुम्ही इंग्रजीत टाकायचं, नग आकड्यात, वजन आकड्यात, भाडं टू-पे (माल घेणारा देणार) आहे की पेड (आधीच दिलेलं) ते कोपऱ्यात कुठेतरी गोल करून ठेवलेलं. मुनीमजींचा १ आणि ९ सारखाच दिसतो. नजर कागदावर जाते, परत स्क्रीनवर येते, परत कागदावर, आणि वेळ तिथे जातो, बोटांत नाही.

म्हणून घरी प्रॅक्टिस करताना पंक्चुएशन आणि नंबर हे दोन्ही ऑप्शन चालू करा, आणि आठवड्यातून काही दिवस तरी छापील कागद बाजूला ठेवून मारा. किराण्याची बिलं, विजेची बिलं, लग्नपत्रिका, घरात जे पडलं असेल ते. लग्नपत्रिका तर फार छान, आपल्याकडच्या पत्रिकेत निम्मी आडनावंच असतात.

९८ टक्के अ‍ॅक्युरसी म्हणजे मस्तच ना?

ऐकायला मस्त आहे. आता हिशेब बघा. आमच्या एका बिल्टीची एन्ट्री धरा ६० बटणांची, नंबर, तारीख, पाठवणारा, घेणारा, नग, वजन, भाडं. प्रत्येक शंभरात २ बटणं चुकत असतील आणि तुम्ही मागे वळून बघतच नसाल तर पूर्ण स्वच्छ एन्ट्री निघतात शंभरात फक्त ३० च्या आसपास, बाकीच्या ७० मध्ये कुठे ना कुठे काहीतरी घाण. ९९.५ केलीत तर ७४ स्वच्छ. ९९.९ ला ९४. म्हणजे टेस्टच्या स्क्रीनवर ९८ आणि ९९.५ मध्ये दीडाचा फरक दिसतो, इथे तो तिसाचा आणि चौऱ्याहत्तरचा होतो.

आणि चूक कुठे झाली त्यावर पण आहे. ‘ट्रेडर्स’मध्ये एक अक्षर राहिलं तर कोणी मरत नाही, पण नग १२ च्या जागी २१ पडले तर गाडी उतरवताना ९ नग शॉर्ट दाखवतात, ड्रायव्हरला धरतात, पार्टी भाडं अडवून ठेवते, आणि मग संध्याकाळी साडेसातला कोणीतरी गोडाऊनमध्ये टॉर्च घेऊन खोकी मोजत फिरतं. ती चूक करायला अर्धा सेकंद लागला होता. ती निस्तरायला जो वेळ गेला तो कोणाच्याच डब्ल्यूपीएममध्ये धरला जात नाही, पण पगार देणारा तो बरोबर धरतो.

मग आधी काय, स्पीड की अ‍ॅक्युरसी?

अ‍ॅक्युरसी, यात दोन मतं नकोत. बोटांना जे शिकवाल ते बोटं पक्कं करतात, चुकीचं शिकवलं तर चुकीचं पक्कं. ९७ च्या खाली गेलात की थांबा आणि हळू करा, इतकं हळू की चिडायला होईल. ९९ ला टिकलात की थोडं वाढवा. बॅकस्पेसवर हात जास्त जातो का ते बघा, कारण एक चूक म्हणजे चुकीचं बटण, बॅकस्पेस आणि परत बरोबर बटण, एकाच्या जागी तीन, वर डोक्याची लय तुटते ती वेगळी.

२०१८ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाच्या आणि केंब्रिजच्या लोकांनी १ लाख ६८ हजार जणांचं टायपिंग तपासलं होतं, १३ कोटी ६० लाख बटणं. सरासरी ५२ शब्द निघाली. त्यात फास्ट मारणाऱ्यांच्या चुकाही कमीच होत्या, म्हणजे फास्ट म्हणजे चुका करणारच हा जो समज आहे तो काही खरा नाही.

दहा बोटांनीच करायचं का? मी चार बोटांनी ४० काढतो.

आल्टो विद्यापीठाच्याच २०१६ च्या एका वेगळ्या अभ्यासात असं दिसलं होतं की दहाहून कमी बोटं वापरणारेही चांगले फास्ट असू शकतात, कुठलं बटण कुठल्या बोटाने हे ज्याचं पक्कं ठरलेलं आहे त्याचं निभतं. तरी डेटा एन्ट्रीसाठी मी दहा बोटंच सांगेन, आणि कारण स्पीडचं नाही, नजरेचं आहे. चार बोटंवाला खाली कीबोर्डकडे बघतो. तुम्हाला बघायचंय कागदाकडे. कागद, कीबोर्ड, स्क्रीन अशी तीन ठिकाणी नजर फिरायला लागली की ओळ उडणारच, वरच्या पार्टीचं वजन खालच्या पार्टीला जाणारच.

एफ आणि जे वर छोटी रेघ उठलेली असते, दोन्ही तर्जन्या तिथे. तिथून सगळं सुरू. कीबोर्डवर रुमाल टाकून प्रॅक्टिस करायची जुनी पद्धत आहे, टाइपरायटर क्लासवाले करायचे, आजही चालते.

आकडे मारताना फार चुकतात.

नंबरपॅडला वेगळा वेळ द्या, वरच्या ओळीतले आकडे विसरा. ५ वर उठाव असतो, मधलं बोट तिथे, ४ वर तर्जनी, ६ वर अनामिका, शून्याला अंगठा, एंटरला करंगळी. वर-खाली तीच बोटं सरकतात. एक घोळ नीट लक्षात घ्या, मोबाइलवर १-२-३ वर असतात आणि नंबरपॅडवर ७-८-९ वर. दिवसभर मोबाइलवर नंबर लावणाऱ्या मुलांचं १ च्या जागी ७ आणि ३ च्या जागी ९ यामुळेच पडतं. आणि बसल्या बसल्या नमलॉक चालू आहे का बघून घ्या, नाहीतर कर्सर भलतीकडेच पळत राहतो.

मोठा नंबर एका दमात वाचू नका. मोबाइल नंबर पाच-पाच, आधार चार-चार-चार, खाते नंबर तीन किंवा चारच्या तुकड्यात. मनातल्या मनात बोलत मारलं तर अजून बरं, आमच्याकडे दुपारी सगळे पुटपुटत असतात, बाहेरच्याला वाटतं पारायण चाललंय.

टोटल जुळत नाही तेव्हा चूक शोधायची कशी?

आधी फरक काढा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर बहुतेक दोन शेजारचे आकडे उलटे पडलेत. ५४० च्या जागी ४५० पडलं, फरक ९०. ५,४७० च्या जागी ४,५७०, फरक ९००. शून्य जास्त किंवा कमी पडलं तरी ९ ने भाग जातो, ५४० चं ५४०० झालं तर फरक ४८६०. ९ ने भाग जात नसेल आणि तुम्ही टॅलीत जमा-नावे करत असाल तर फरकाचं अर्धं करा आणि तेवढ्या रकमेची एन्ट्री शोधा, ती चुकीच्या बाजूला गेलेली असते. तेही नसेल तर फरकाएवढीच एखादी रक्कम सुटली आहे का बघा. सियागंजच्या पेढ्यांवर बसणारे जुने मुनीम हे सगळं कॅल्क्युलेटरशिवाय करतात, त्यांच्याजवळ थोडं बसून बघा.

याच्याही आधी, बॅच सुरू करतानाच, कागदांवरच्या नगांची आणि भाड्याची टोटल मारून ठेवा. मग शेवटी स्क्रीनच्या टोटलशी लावून बघा. ५० बिल्ट्यांची बॅच असेल तर चूक त्या पन्नासातच शोधायची, पूर्ण महिन्यात नाही.

पॅन, जीएसटी नंबर बरोबर पडला की नाही हे न विचारता कळतं का?

बरंच कळतं, आणि हे शिकून घ्याच, याने ऑफिसात वट वाढतो.

पॅन १० चं. पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. म्हणजे पाचव्यापर्यंत गोल दिसलं तर तो ओ, सहा ते नऊमध्ये गोल दिसलं तर शून्य, भांडणच नाही. चौथं अक्षर माणसाचं असेल तर पी, कंपनीचं सी, फर्मचं एफ, हिंदू अविभक्त कुटुंबाचं एच. माणसाच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर. कोणी देशपांडे असेल आणि पाचवं अक्षर बी दिसत असेल तर परत कागद बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं जुनंच अक्षर असू शकतं, तिथे लगेच चूक म्हणू नका.

जीएसटी नंबर १५ चा. पहिले दोन राज्याचे, मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७, गुजरात २४. मग पुढचे १० म्हणजे सरळ पॅन. पार्टी इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटची आणि नंबर २७ ने सुरू होतोय, तर एकतर चूक आहे नाहीतर बिल त्यांच्या मुंबईच्या ऑफिसचं आहे, विचारून घ्या.

बँकेचा आयएफएससी कोड ११ चा, पाचवं नेहमी शून्य, तिथे ओ मारणारे रोज भेटतात. आधारचा शेवटचा आकडा हा चेक डिजिट असतो, व्हेरहॉफ नावाच्या पद्धतीचा, त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले की सॉफ्टवेअर पकडू शकतं, अर्थात सॉफ्टवेअरमध्ये ती तपासणी घातलेली असेल तर.

एक्सेल माझे नंबर आपोआप बदलतं!

बदलतं खरं. शून्याने सुरू होणारा कोड टाकला की पुढचं शून्य खातं. १५ आकड्यांपुढचे सगळे आकडे शून्य करून टाकतं, आणि काही बँकांचे खाते नंबर १६ आकडी असतात, म्हणजे शेवटचा आकडा गेला आणि तुम्हाला पत्ताही नाही. उपाय एकच, एन्ट्री सुरू करायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करून घ्या. नंतर केलं तर गेलेला आकडा परत येत नाही.

तारखेचं अजून वाईट आहे. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल लिहिलंत तरी तो ४ मे समजतो, गुपचूप. वर्षासकट १३/०४ लिहिलं तर तेरावा महिना नसतो म्हणून त्याला ते टेक्स्ट वाटतं आणि डावीकडे चिकटून बसतं. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की समजा घोटाळा आहे, आणि उजवीकडच्याही तपासा, त्याच जास्त धोक्याच्या.

माउस सोडा. आडवं जायला टॅब, ओळ संपली की एंटर, तो तुम्हाला खालच्या ओळीत जिथून सुरू केलं होतं त्या कॉलममध्ये आणून सोडतो. वरचंच खाली आणायचं तर कंट्रोल डी. आजची तारीख कंट्रोल आणि अर्धविरामाचं बटण. बोटांची स्पीड पाचने वाढवायला महिने जातात, माउस सोडला की त्याच दिवशी फरक दिसतो.

आडनावांचं स्पेलिंग कसं ठरवायचं?

ठरवायचं नाही, कागदावर असेल तसंच. इंदूरात आपली आडनावं चार प्रकारे लिहितात, वैद्य कोणी व्ही ने लिहितं कोणी डब्ल्यू ने, दिघे कोणी आय ने कोणी डबल ई ने. ळ ला तर इंग्रजीत जागाच नाही, काळे आणि काले एकच होऊन जातात, म्हणून नावावर माणूस शोधू नका, मोबाइल किंवा पॅनवर शोधा. कागदच हिंदीत असेल तर पार्टी आधीपासून मास्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या पार्ट्यांच्या यादीत, आहे का बघा, असेल तर तेच स्पेलिंग उचला. आपल्या हुशारीने सुधारून लिहिलं की एकाच पार्टीची तीन खाती तयार होतात आणि वसुलीच्या वेळी सगळे डोकं धरून बसतात.

रोज किती प्रॅक्टिस?

अर्धा तास सकाळी, अर्धा तास संध्याकाळी. सलग तीन तास मारून काही होत नाही, शेवटच्या दोन तासांत फक्त चुकाच पक्क्या होतात. ज्या जोड्या नेहमी चुकतात त्या एका कागदावर लिहून ठेवा आणि आधी त्याच मारा. मधे एकदा स्पीड अडकते, आठवडे हलत नाही, तेव्हा क्लास बदलू नका, भिया, क्लासचा दोष नसतो तो.

भंवरकुआंला क्लास लावायचा का? परीक्षेसारखं वातावरण आणि तेच सॉफ्टवेअर मिळतं म्हणून शेवटचा महिना लावा. बोटं बसवायला घरचा कॉम्प्युटर पुरतो.

मनगट आणि मान दुखते.

कागद टेबलावर डावीकडे सपाट ठेवून मारत असाल तर मान दुखणारच. कागद उभा करा, स्टँड नसेल तर जाड फाइलला क्लिप लावून स्क्रीनच्या बाजूला टेकवा, आणि जी ओळ चालू आहे तिच्याखाली फूटपट्टी धरा, ओळ उडायचीही बंद होते. कोपर साधारण काटकोनात, मनगट टेबलाच्या धारेवर टेकवून वर वाकवू नका. वीस-वीस मिनिटांनी लांब बघा. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री झोपेत हात बधिर होत असेल तर डॉक्टरला दाखवा, बाम चोळत बसू नका.

आता तर मशीनच वाचतं म्हणे, हे काम राहील का?

छापील बिल मशीन बरं वाचतं. कार्बन कॉपीवरचं मुनीमजींचं अक्षर वाचताना अजून अडखळतं, आणि वाईट म्हणजे अडखळलं तरी बेधडक काहीतरी भरून टाकतं. त्यामुळे नुसतं बघून मारणाऱ्याचं काम कमी होतंय, तपासणाऱ्याचं वाढतंय. वर पॅन-जीएसटीचं आणि ९ चं जे सांगितलं ते त्यासाठीच शिका.

घरबसल्या डेटा एन्ट्री, रोजचे हजार रुपये, अशा मेसेजमधलं कुठलं खरं?

जिथे आधी पैसे मागतात ते सोडून द्या, रजिस्ट्रेशन, आयडी, सॉफ्टवेअर, सिक्युरिटी डिपॉझिट, नाव काहीही असो. याचा एक पक्का नमुना आहे. ते तुम्हाला न वाचता येणाऱ्या धूसर इमेज देतात, पाच-सहा दिवसांत शेकडो फॉर्म भरायचे, ९८ किंवा ९९ टक्के अ‍ॅक्युरसी पाहिजे, तपासणार तेच. मग सांगतात तुमची अ‍ॅक्युरसी कमी निघाली, करार मोडला, भरपाई द्या, आणि वकिलाच्या नावाने नोटीस, कोर्टाची धमकी. घरात नवी सून असते, कोणाला सांगत नाही, बांगडी मोडून पैसे भरते. भरू नका. असल्या पीडीएफवाल्या नोटिशीला घाबरून पैसे पाठवले की अजून मागतात. मेसेज, स्क्रीनशॉट, पेमेंटच्या पावत्या जपून ठेवा, १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर फोन तितका ते अडवायचा चान्स जास्त.

खरं काम देणारा असतो तो आधी ऑफिसात बोलावतो, दहा मिनिटांची टेस्ट घेतो. त्याला तुम्ही एकच विचारा, चूक निघाली तर दुरुस्तीच्या वेळेचे पैसे मिळणार का. फॉर्ममागे रेट असेल तर हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

कीबोर्ड कुठला घेऊ?

साधा वायरवाला, पूर्ण साइजचा, उजवीकडे नंबरपॅड असलेला. नंबरपॅड नसलेल्या छोट्या लॅपटॉपवर आकड्यांचं काम करायचं असेल तर वेगळा यूएसबी नंबरपॅड मिळतो. हिंदी शिकत असाल तर अक्षरांचे स्टिकर लावू नका, लावले की नजर परत खालीच जाते, त्यापेक्षा लेआउटचं प्रिंट काढून स्क्रीनच्या खाली चिकटवा. आणि परीक्षेच्या सेंटरवर जो कीबोर्ड असतो तो बहुतेक जुना आणि कडक निघतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात एखाद्या सायबर कॅफेतल्या खडखडाट करणाऱ्या कीबोर्डवर पण मारून बघा.